हायर सेल्फ म्हणजे नक्की कोण आणि त्याला ओळखायचं कसं

हायर सेल्फ हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो. कोणी म्हणतं त्याच्याशी कनेक्ट व्हा, कोणी म्हणतं त्याला प्रश्न विचारा तो उत्तर देतो, कोणी सांगतं की ते तुमचंच भविष्यातलं रूप आहे आणि त्याला सगळं आधीच माहीत आहे, आणि मग आपण डोळे मिटून बसतो आणि वाट बघतो की आता आतून कोणीतरी बोलेल. कोणी बोलत नाही. दहा दिवस, महिनाभर, कोणीच बोलत नाही. मग वाटायला लागतं की बाकीच्यांना जमतंय म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे. मी स्वतः जवळजवळ दोन वर्षं अशी वाट बघत बसले होते म्हणून हे मनापासून लिहितेय, कारण माझी जी चूक झाली तीच बहुतेकांची होते आणि ती एकदा लक्षात आली की पुढचं बरंच सोपं होतं.

चूक काय, तर मी हायर सेल्फला दुसरं कोणीतरी धरून चालले होते. म्हणजे इथे मी, साधी, चिडचिडी, घाबरट, आणि तिकडे लांब कुठेतरी ती शहाणी, शांत, तेजस्वी अशी दुसरी मी, आणि दोघींच्या मध्ये फोन लागायचा बाकी आहे. आता बघा, मी वाट बघत होते आणि वाट बघून कंटाळले होते, आणि 'मी कंटाळलेय' हे मला अगदी स्वच्छ कळत होतं. ते कळणं स्वतः काही कंटाळलेलं नव्हतं. ज्याला शोधत होते ते तिथेच, त्या कळण्यात होतं आणि मी त्याला ओलांडून पुढे बघत होते. या लेखात जे काही सांगणार आहे ते एवढ्याचंच आहे, ते कळणं कसं ओळखायचं आणि रोजच्या आयुष्यात त्याच्या जवळ कसं राहायचं.

आधी शब्दाचा घोळ सोडवू

हायर सेल्फ हा इंग्रजी शब्द आपल्याकडे आणि जगभर पसरला त्यात थिऑसॉफीवाल्यांचा, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच जुनं ज्ञान आहे असं मानणाऱ्या मंडळींचा, मोठा हात आहे. थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, मादाम ब्लाव्हाट्स्की त्यांच्या मुख्य लेखिका, आणि १८८९ च्या त्यांच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात त्यांनी मुद्दाम शब्द वेगवेगळे करून ठेवलेत की हायर सेल्फ म्हणजे फक्त आत्मा, बुद्धी आणि मन यांच्यासाठी निराळे शब्द वापरा, मिसळू नका. म्हणजे कपडे इंग्रजी असले तरी आतली कल्पना उपनिषदांतूनच घेतलेली. पुढे मात्र नेमकं तेच झालं जे त्या नको म्हणत होत्या, सगळं मिसळलं गेलं, आणि आज हायर सेल्फ म्हटलं की कोणाला आत्मा अभिप्रेत असतो, कोणाला इंट्यूशन, कोणाला स्वतःची सुधारलेली आवृत्ती.

म्हणून माझं म्हणणं असं की मराठी माणसाने या शब्दाला बिचकायचं काही कारण नाही, आपल्याकडे यासाठी शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. साक्षी म्हणजे जो नुसता बघतो. द्रष्टा म्हणजे बघणारा, हा योगसूत्रांतला शब्द, चित्ताच्या वृत्ती थांबल्या की द्रष्टा आपल्या मूळ रूपात राहतो असं पहिल्याच पादात तिसऱ्या सूत्रात येतं. क्षेत्रज्ञ हा गीतेच्या तेराव्या अध्यायातला, शरीर म्हणजे शेत आणि ते जाणणारा तो क्षेत्रज्ञ. अंतर्यामी म्हटलं की भक्तीचा ओलावा येतो, तिथे आत बसलेला तो देव आणि मी त्याचा. आणि 'हायर' मधली उंची मजल्यासारखी समजू नका, आपण 'वरवरचं बोलणं' आणि 'आतून आलेलं बोलणं' असा फरक करतो ना, मग मराठीत खरं तर हायरपेक्षा आतला हाच शब्द जास्त बरोबर बसतो.

हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की सगळ्या परंपरा यावर एकमत नाहीत. अद्वैतवाले म्हणतात आत्मा एकच आहे, सांख्यवाले म्हणतात पुरुष, म्हणजे त्यांच्या भाषेत आतला साक्षी, अनेक आहेत, भक्तांना देव आणि भक्त हे अंतर गोड वाटतं, आणि बुद्धांनी तर कायम टिकणारा असा कुठलाही 'मी' धरायलाच नकार दिला. सुरुवातीला हा वाद सोडवायला बसू नका. बघायला शिकण्याची पद्धत यातल्या प्रत्येकाकडे आहे आणि पहिलं वर्षभर तरी काम बघण्याचंच असतं, काय सापडलं त्याला नाव काय द्यायचं हे नंतर तुमचं तुम्हाला सुचेल.

दोन पक्षी आणि एक रथ

मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दोन चित्रांचा, आणि दोन्ही खूप जुनी आहेत.

पहिलं मुंडकोपनिषदातलं. एका झाडावर दोन पक्षी, एकमेकांचे सखे, कायम बरोबर. त्यातला एक झाडाचं फळ खातोय आणि दुसरा न खाता नुसता बघतोय. हे एवढं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं पण त्याच्या पुढचा मंत्र लोक सोडून देतात आणि खरी गंमत तिथे आहे. खाणारा पक्षी हतबल होऊन शोक करत असतो, आणि ज्या क्षणी तो मान वळवून त्या दुसऱ्याकडे बघतो त्या क्षणी त्याचा शोक जातो. दुसरा पक्षी काहीच करत नाही. सल्ला देत नाही, जवळ येत नाही, फळ बदलून देत नाही. याने फक्त त्याच्याकडे पाहिलं एवढंच. मी जेव्हा हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण मी दोन वर्षं त्या पक्ष्याने बोलावं म्हणून हट्ट धरून बसले होते.

दुसरं चित्र कठोपनिषदातलं, यम नचिकेत्याला सांगतो ते. शरीर हा रथ, इंद्रियं म्हणजे घोडे, मन हा लगाम, बुद्धी म्हणजे सारथी, आणि आत्मा रथात बसलेला मालक. आता यात बघा, रस्ता ठरवणं, वळण घेणं, घोडे आवरणं हे सारथ्याचं काम आहे. म्हणजे 'ही नोकरी घेऊ का', 'या माणसाशी बोलू का' याचं उत्तर देणारी असते ती बुद्धी. आत्मा नुसता बसलेला आहे, त्याच्या असण्याने सगळं चालतं. आपण हायर सेल्फचा आवाज म्हणतो तो बहुतेक वेळा शांत झालेल्या बुद्धीचा आवाज असतो, आणि बुद्धी शांत होते ती मालकाकडे एकदा वळून बघितल्यावर. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो कारण यामुळे दोन्ही अपेक्षा जागच्या जागी जातात: साक्षीकडून उत्तर मागायचं नाही, आणि बुद्धीचं उत्तर चुकलं तर 'माझ्या आत्म्यानेच मला फसवलं' असं म्हणायची वेळ येत नाही. सारथी चुकू शकतो, त्याला शिकवावं लागतं.

आणि गीतेच्या सहाव्या अध्यायातला तो पाचवा श्लोक, उद्धरेदात्मनात्मानं, त्यात उचलणारा पण आत्मा आणि ज्याला उचलायचं तोही आत्मा, शब्द एकच वापरलाय. दुसरं माणूस आणलेलं नाही.

आपली भाषा आधीच सांगते

हे सगळं अवघड वाटत असेल तर रोजचं बोलणं आठवा. मन लागत नाही. मन खातंय. मनाची समजूत घातली. मनाला आवर घाल जरा. माझं मनच मानत नाही. आता मनाची समजूत घातली, ती कोणी घातली? मन मानत नाही हे कोणाला कळलं? आपण दिवसातून दहा वेळा मन आणि मी असे दोन वेगळे धरून बोलतो आणि मग ध्यानाला बसलो की म्हणतो मी तर मनच आहे, माझ्यात विचारांशिवाय काहीच नाही. रामदासांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ते मनाला हाक मारून, कधी चुचकारून, कधी दटावून बोललेले आहेत. लहानपणी पाठ करताना हे कधी डोक्यात आलं नाही की मनाला हाक मारायची तर हाक मारणारा मनाच्या बाहेर उभा असायला लागतो.

एक छोटी गोष्ट करून बघा, दिवसभर जेव्हा जेव्हा 'मी वैतागलेय', 'मी घाबरलोय' असं तोंडात येईल तेव्हा मनातल्या मनात ते 'मन वैतागलंय', 'मन घाबरलंय' असं करा. फक्त शब्द बदला, वैताग घालवायला जाऊ नका. दोन तीन दिवसांत जाणवेल की दोन्ही वाक्यं बोलताना आपण उभे असतो ती जागा वेगळी असते.

प्रत्यक्ष बसायचं कसं

दहा मिनिटं पुरतात, खरंच. सकाळी उठल्यावर मोबाईल हातात घ्यायच्या आधी बसलात तर उत्तम पण नाही जमलं तर कधीही. खुर्चीवर बसा, खाली बसा, पाठ ताठ पण ताणलेली नाही, डोळे मिटा. श्वास मुद्दाम लांब करू नका, तो जसा चाललाय तसा चालू द्या.

पहिली दोन तीन मिनिटं आवाज ऐका. पंख्याचा, बाहेरच्या गाडीचा, कोणाच्या तरी बोलण्याचा. आवाज आला, गेला, दुसरा आला. तुम्ही आवाज नाही हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही, ते उघडच आहे. मग शरीराकडे या. गुडघा दुखतोय, पाठीला खाज येतेय, हात जड वाटतोय. हेही आवाजासारखंच आलं आणि कळलं. इथे थोडं चिकटायला होतं कारण गुडघा 'माझा' आहे, तरीपण दुखणं कळतंय आणि कळणं दुखत नाहीये हे थोडं थांबून बघितलं तर दिसतं. मग भावना, छातीत काय आहे, धास्ती आहे की उदास आहे की नुसतं सपाट आहे. आणि शेवटी विचार. विचार हे सगळ्यात जवळचे म्हणून सगळ्यात फसवे, ते आले की आपण त्यांच्यात बसून निघूनच जातो, पाच मिनिटांनी लक्षात येतं की आपण तर कालच्या भांडणात होतो. हे लक्षात येतं तो क्षण वाया गेला समजू नका. उलट अख्ख्या बैठकीतला तोच क्षण मोलाचा, कारण लक्षात आणून देणारं जे आहे त्याच्याचसाठी आपण बसलोय.

अशा वेळी रमण महर्षींची पद्धत वापरा. ते सोळा वर्षांचे असताना, १८९६ मध्ये मदुराईत, अचानक त्यांना मरणाची प्रचंड भीती वाटली, तर ते पळाले नाहीत, सरळ आडवे पडले, शरीर प्रेतासारखं ताठ केलं आणि स्वतःला विचारलं की आता हे शरीर मेलं तर मी मेलो का. पुढे आयुष्यभर ते लोकांना हेच सांगत राहिले, विचार आला की त्याच्या मागे जाऊ नका, विचारा हा कोणाला आला? मला आला. मग हा मी कोण? आणि इथे सगळे एक चूक करतात, मीपण केली, की याचं उत्तर शब्दांत द्यायला जातात, मी आत्मा आहे, मी शुद्ध चैतन्य आहे वगैरे. ते पाठ केलेलं उत्तर आहे, तोही एक विचारच. प्रश्न विचारायचा आणि उत्तर न देता थांबायचं. दोन सेकंद, तीन सेकंद एक मोकळी शांत जागा लागते, मग पुन्हा विचार सुरू. ती दोन सेकंदं खरी असतात, तेवढी पुरतात.

अजून एक फसगत सांगते. काही दिवसांनी डोक्याच्या मागे कुठेतरी एक 'बघणारा' बसलाय असं वाटायला लागतं, जणू एक छोटासा माणूस आतून पडद्यावर सिनेमा बघतोय. मला तर तो चक्क उजव्या कानाच्या वर जाणवायचा. तो साक्षी नव्हे, ते मनाने काढलेलं साक्षीचं चित्र आहे, कारण तेही दिसतंय, आणि जे दिसतं ते बघणारं नसतं. डोळा सगळं बघतो पण स्वतःला बघू शकत नाही तसंच हे. म्हणून बघणाऱ्याला पकडायला जाऊ नका, तो तुम्हीच आहात, नुसतं असून राहा.

ज्यांना डोळे मिटून बसणं अजिबात जमत नाही त्यांच्यासाठी रॉबर्टो असाजिओली या इटालियन मनोविकारतज्ज्ञाचा व्यायाम चांगला आहे. हे गृहस्थ १८८८ ते १९७४ मधले, सायकोसिंथेसिस नावाची पद्धत त्यांनी काढली आणि हायर सेल्फ हा शब्द मानसशास्त्रात आणण्यात त्यांचा मोठा वाटा. हळूहळू, अर्थाकडे लक्ष देऊन म्हणायचं: मला शरीर आहे पण मी शरीर नाही, मला भावना आहेत पण मी भावना नाही, मला मन आहे पण मी मन नाही. शंकराचार्यांच्या नावाने असलेलं 'मनोबुद्ध्यहंकारचित्तानि नाहं' ज्यांना पाठ आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल, फक्त इथे पहिला अर्धा भाग जास्तीचा आहे, 'मला आहे'. मला तो अर्धा भाग फार आवडतो. शरीराला, भावनेला हाकलून दिलेलं नाही, आधी आपलं म्हटलंय आणि मग थोडं अंतर घेतलंय.

चार वाजताचं पाणी

हे सगळं बैठकीपुरतं राहिलं तर उपयोग नाही म्हणून एक प्रसंग सांगते. बाबांचं शेवटचं वर्ष ते अंथरुणावर होते आणि रात्री त्यांच्या खोलीत मी झोपायचे. एका रात्री त्यांनी मला तीनदा उठवलं, पाणी दे, कूस बदलून दे, परत पाणी दे, आणि चौथ्यांदा हाक आली तेव्हा पहाटेचे चार वाजले असतील. मी उठले आणि अंगात असा संताप उसळला की मला माझीच भीती वाटली. दात आवळलेले, मान गरम झालेली, आणि डोक्यात एक वाक्य, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तांब्यातून पाणी ओतताना भांड्याच्या काठावर पाणी सांडलं आणि माझं लक्ष त्या थरथरणाऱ्या हाताकडे गेलं. हात थरथरतोय. मान तापलीय. ते वाक्य परत आलं. आणि हे सगळं ज्याला दिसत होतं ते अगदी गप्प होतं, त्याला ना माझा राग आला होता ना बाबांचा, ते मला त्या संतापाबद्दल रागावत पण नव्हतं. मी भांडं फडक्याने पुसलं, त्यांची मान हातावर घेतली आणि घोट घोट पाणी पाजलं. संताप तेव्हाही होता. पण हात त्याच्या ताब्यात नव्हते.

कुठला प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही, अंगावर काटा आला नाही. तरी मला विचारलं की तू हायर सेल्फ कधी अनुभवलास तर मी त्या रात्रीचंच नाव घेईन. यात मी चांगली वागले असं मला सांगायचं नाहीये, त्याच्या आधी कितीतरी रात्री मी वाईट वागले होते. सांगायचं हे की आधी काही महिने दहा दहा मिनिटं बसलेली होते म्हणून त्या क्षणी मान वळवता आली.

तुम्हीही सराव असाच तापलेल्या जागी न्या. सुरुवात सोप्या चिडीपासून करा, रांगेत कोणी मध्ये घुसलं, नेट गेलं, मुलाने तिसऱ्यांदा तेच विचारलं. शरीरात चीड कुठे आहे ते शोधा, जबडा, पोट, खांदे. शरीरातली जागा सापडली की बघणारं आपोआप वेगळं होतं, हे विचारांपेक्षा सोपं पडतं.

आतला आवाज आणि बाकीचे आवाज

निर्णय घ्यायचा असतो तेव्हा सगळे म्हणतात आतला आवाज ऐक. पण आत तर पंचवीस आवाज असतात. भीती बोलते, हाव बोलते, दुखावलेला मान बोलतो, कधी आईचा आवाज, कधी शाळेतल्या कुठल्या सरांचा. माझ्या अनुभवात यांना ओळखायच्या काही खुणा आहेत, त्या सांगते, पण पारखून घ्या.

भीतीला घाई असते. आत्ताच कर, आत्ताच उत्तर दे, नाहीतर संपलं. ती तेच तेच परत परत बोलते आणि प्रत्येक वेळी आवाज चढवते. हाव आणि मान हे आपलं कौतुक करतात, तू स्पेशल आहेस, तुझ्यासारखं कोणी नाही, बाकीच्यांना काय कळतंय. आणि जे खरोखर आतून येतं ते बहुतेक एकदाच येतं, साधं असतं, छोटं असतं, पुष्कळदा गैरसोयीचं असतं, आणि त्यात समोरच्या माणसाचाही विचार असतो. 'माफी माग.' 'आज बोलू नकोस.' 'डॉक्टरकडे जा.' एवढंच. त्यात भाषण नसतं.

सॉक्रेटिसबद्दल प्लेटोने लिहून ठेवलंय की त्याला लहानपणापासून आतून एक खूण यायची आणि ती नेहमी कुठल्यातरी गोष्टीपासून थांबवायची, कधीही अमुक कर असं ढकलायची नाही. मला हे फार पटतं. आतून जे येतं ते बरेचदा नुसतं 'नको' असतं, आणि आपण मोठ्या मार्गदर्शनाची वाट बघत असल्यामुळे हे बारीकसं 'नको' कानावर येऊनही ऐकत नाही.

पद्धत अशी. रात्री रागात लांबलचक मेसेज टाइप केलात, पाठवायचा नाही, पुसायचाही नाही, नोट्समध्ये ठेवायचा. सकाळी बैठक झाल्यावर तो वाचायचा. प्रत्येक वाक्याला विचारायचं हे कोण बोलतंय. मी असं केलेला एक मेसेज चाळीसेक ओळींचा होता, भावाला लिहिलेला, सकाळी त्यातल्या पाच ओळींत भीती बोलत होती, बाकी सगळीकडे दुखावलेला मान, आणि अगदी शेवटी एक ओळ होती, 'तू फोन केला नाहीस याचं वाईट वाटलं'. तेवढी एक ओळ पाठवली. त्याचा लगेच फोन आला.

मोठा प्रश्न असेल तर वहीत हाताने लिहा. 'मी काय करू' हा प्रश्न लिहू नका कारण त्याचं उत्तर द्यायला सगळे आवाज एकदम पुढे येतात. त्याऐवजी लिहा, मला भीती वाटत नसती तर मला इथे काय दिसलं असतं. आणि पाच मिनिटं न थांबता उत्तर लिहा. मग वही बंद करा, तीन दिवसांनी परत तोच प्रश्न, आधीचं न वाचता. आठवड्याभरात तीनदा तीच गोष्ट साध्या शब्दांत आली तर तिच्याकडे लक्ष द्या. तरीही पैशाचे, तब्येतीचे, कायद्याचे निर्णय नुसते यावर घेऊ नका, त्या विषयातल्या माणसाला विचारा, सारथ्याला रस्त्याची माहिती लागतेच.

इथे सांभाळून

हा भाग मला सगळ्यात कळकळीने सांगायचाय.

एक, साक्षी आणि बधिरपणा यात फरक करा. काही जण म्हणतात मी आता सगळ्याकडे साक्षीभावाने बघतो, मला काही वाटतच नाही, आणि घरात बायको रडत असते. जॉन वेलवुड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात याला स्पिरिच्युअल बायपासिंग असं नाव दिलं, म्हणजे दुखरी गोष्ट टाळायला अध्यात्माचा आडरस्ता धरणं. ओळखायचं कसं, तर बधिर माणसाला समोरच्याचं दुःख दिसत नाही, आणि साक्षीत राहिलेल्या माणसाला ते आधीपेक्षा जास्त दिसतं. तुमचं बघणं तुम्हाला कोरडं करत असेल तर काही दिवस बसणं कमी करा आणि कोणाची तरी सेवा करा, कोणाशी तरी मोकळं बोला, रडायचं राहिलं असेल तर रडा.

दोन, 'माझ्या हायर सेल्फने सांगितलं' हे वाक्य दुसऱ्यावर वापरू नका. त्याच्यापुढे समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. जे सांगायचं ते 'मला असं वाटतं' म्हणून सांगा, म्हणजे ते तपासता येतं. आणि कोणी पैसे घेऊन तुमच्या हायर सेल्फशी तुमच्या वतीने बोलतो म्हणत असेल तर तिथून उठून या. तुमच्यातल्या बघणाऱ्याकडे तुम्हालाच मान वळवायचीय, ती दुसरं कोणी वळवून देऊ शकत नाही. शिकवणारा, धीर देणारा माणूस भेटला तर भाग्यच, पण चांगला शिकवणारा तुम्हाला हळूहळू स्वतःच्या पायावर उभं करतो.

तीन, आणि हे नीट वाचा. आत खरोखरचा आवाज ऐकू येऊन हुकूम देत असेल, रात्रीच्या रात्री झोप लागत नसेल, जग खोटं वाटायला लागलं असेल, आपण कोणीतरी निवडलेले आहोत असं पक्कं वाटत असेल, किंवा बसलं की जुनी भयंकर आठवण उसळून वर येत असेल, तर सराव थांबवा आणि मनोविकारतज्ज्ञाला भेटा. यात कमीपणा नाही आणि अध्यात्म काही पळून जात नाही. मला माहितीय की अशा वेळी लोक सांगतात ही प्रगतीची लक्षणं आहेत, सोसत राहा. नका ऐकू.

रोजचं किती आणि कसं चाललंय हे कळणार कसं

रोज दहा मिनिटं बैठक, दिवसात तीन वेळा कुठेही थांबून एकच प्रश्न, आत्ता हे कोणाला कळतंय, आणि रात्री झोपताना दोन ओळी. त्यात अनुभव लिहू नका, आज कुठे वाहून गेले आणि किती वेळाने लक्षात आलं एवढंच लिहा. माझ्या जुन्या वहीत सुरुवातीच्या नोंदी अशा आहेत, 'सकाळचं भांडण, संध्याकाळी लक्षात आलं'. मग पुढे 'तासाभराने'. मग काही ठिकाणी 'बोलून झाल्या झाल्या'. आणि एके ठिकाणी, जवळजवळ वर्षानंतर, 'बोलायच्या आधी'. त्यानंतर परत 'संध्याकाळी' पण आहेच, खूपदा आहे, ते सरळ रेषेत जात नाही आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

काही दिवस असे येतील की बसलं तरी नुसता गोंगाट, प्रश्न विचारला तरी शब्दच परत येतात, सगळं खोटं वाटतं. त्या दिवशी पद्धत बदलायला जाऊ नका, नवीन व्हिडिओ शोधू नका. 'आज काहीच जमत नाहीये' हे कळतंय ना, मग उरलेली मिनिटं त्या कळण्यापाशीच बसा, आणि वेळ झाली की उठा.